बर्फाचा उतार कधी सुटतो

दिवाळी आटोपली की बडोद्यात दोन तऱ्हेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांना जाग येते. एक लग्नांचे, दुसरे हिमालयाचे. केदारकंठा, ब्रह्मताल, सिस्सू, गुलमर्ग. पूर्वी आपली मंडळी मे महिन्यात रोहतांगला जाऊन भाड्याच्या कोटात फोटो काढून परत यायची. आता ऐन जानेवारीत, गुडघाभर बर्फात जातात. २०२० साली अटल बोगदा सुरू झाला आणि जे लाहौल हिवाळाभर जगापासून तुटलेलं असायचं, तिथेही भर थंडीत टुरिस्ट गाड्या पोचायला लागल्या. तयारीत बुटांची चर्चा होते, थर्मलची होते, थेपले किती न्यायचे याची तर फारच होते. हिमस्खलनाची होत नाही. झालीच तर एका वाक्यात संपते: "गाइड असतो ना बरोबर, त्याला कळतं."

त्याला काय कळतं, काय कळूच शकत नाही, आणि जे कळतं ते आपल्यालाही कसं कळेल, एवढंच इथे सांगायचं आहे.

हिमस्खलन म्हटलं की डोळ्यांपुढे सिनेमातलं दृश्य येतं. कुणीतरी ओरडतो, शिखरावरून पांढरा ढग सुटतो, खालचे लोक पळत सुटतात. ओरडण्याने हिमस्खलन होत नाही; माणसाच्या आवाजात तेवढा जोरच नसतो. पळण्यातही फारसा अर्थ नाही, कारण कोरड्या बर्फाची लाट काही सेकंदांत ताशी ऐंशी-शंभर किलोमीटरचा वेग घेते. पण त्या दृश्यातली मोठी चूक निराळीच आहे. त्यात माणूस खाली उभा असतो आणि संकट आपलं आपण वरून येतं. युरोप-अमेरिकेत वर्षानुवर्षं ठेवलेल्या नोंदी सांगतात की स्कीइंगला, चढाईला किंवा भटकंतीला गेलेली जी माणसं हिमस्खलनात सापडून मरतात, त्यांतल्या दहापैकी सुमारे नऊ प्रकरणांत ते स्खलन त्या माणसानेच किंवा त्याच्याच गटातल्या कुणीतरी सुरू केलेलं असतं. उतार तयार होऊन बसलेला होता, पाय पडायचाच अवकाश होता. रस्त्यावरच्या गाड्या किंवा छावण्या सापडतात ती गोष्ट वेगळी. तिच्याकडे पुढे येतो.

उतारावरचा बर्फ दोन तऱ्हांनी सुटतो. कधी वरचा भुसभुशीत बर्फ एका ठिपक्यापासून ढळतो आणि पसरत पसरत खाली येतो. हा बहुधा लहान असतो, पण कड्याच्या वर असाल तर ढकलून द्यायला पुरतो. दुसरा प्रकार स्लॅबचा, आणि जीव घेतो तो बहुतेक वेळा हाच. वरचा बर्फ एकमेकांना धरून घट्ट झालेला, त्याच्याखाली एक पातळ कच्चा थर, आणि त्याखाली सरकायला टणक बैठक, अशी ती रचना.

संक्रांतीला तिळाच्या वड्या थापताना ताटाला तूप लावायच्या ऐवजी कोरडा रवा भुरभुरला, असं समजा. ताट सपाट आहे तोवर काहीच होत नाही. तिरकं केलं तरी वडी थोडा वेळ जागची हलत नाही, कारण कडांना ती चिकटलेली असते. मग मध्येच कुठेतरी सुरीचं टोक दाबलं की तडा जातो आणि अख्खी थापी एकदम खाली येते. वरून बघणाऱ्याला फक्त छान थापलेली वडी दिसत होती.

डोंगरावर तो तडा पायाखालून सुरू होतो, कच्च्या थरातून डोळ्याचं पातं लवायच्या आत पसरतो, आणि स्लॅब तुटतो तो पुष्कळदा तुमच्या डोक्याच्याही वर, वीस-तीस मीटरवर. म्हणजे तुम्ही त्याच्या काठावर नसता, मधोमध असता. वजनाचा अंदाज हवा असेल तर हिशोब सोपा आहे. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि अर्धा मीटर जाड एवढा स्लॅब डोंगराच्या मानाने किरकोळच म्हणायचा. वाऱ्याने दाबलेल्या बर्फाचं वजन घनमीटरला अडीचशे किलो धरलं तरी एकूण भरतं ११२ टन.

आता हा कच्चा थर येतो कुठून? मला या सगळ्या विषयात हाच भाग सर्वांत रंजक वाटतो, कारण मैदानातल्या माणसाचा अंदाज इथे नेमका उलटा पडतो. आपल्याला वाटतं की बर्फ जितका जास्त तितका धोका जास्त. पण हिवाळ्याच्या सुरुवातीला पडलेला कमी बर्फ हा पुढच्या धोक्याचा पाया असतो.

बर्फाच्या थराचा तळ जमिनीच्या उबेमुळे शून्य अंशाच्या आसपास राहतो. वरचा पृष्ठभाग मात्र निरभ्र रात्री उणे पंधरापर्यंत सहज उतरतो. तळाची वाफ या फरकामुळे वर सरकते आणि वाटेतल्या गार कणांवर गोठत जाते. कण हळूहळू गोलसर होऊन एकमेकांना चिकटावेत, तर ते राहतं बाजूला, आणि त्यांना पैलू फुटतात. कडक, टोकदार, सुटे दाणे तयार होतात. दर दहा सेंटीमीटरला साधारण एक अंशाहून जास्त फरक पडत असेल तर हा प्रकार जोर धरतो. आता गणित करा. बर्फ अर्धा मीटर असेल तर पंधरा अंशांचा फरक पाच टप्प्यांत वाटला जातो, म्हणजे दर दहा सेंटीमीटरला तीन अंश. तोच बर्फ दोन मीटर असेल तर पाऊण अंश. पहिल्यात तळ कुजतो, दुसऱ्यात तो मुरून घट्ट होत जातो.

या दाणेदार बर्फाला गाइड मंडळी शुगर स्नो म्हणतात. मुठीत घेऊन दाबला तर त्याचा गोळा होत नाही, बोटांमधून गळून जातो. मुलांना स्नोमॅन करता येत नाही म्हणून ती हिरमुसतात. मोठ्यांनी त्या वेळी जरा वर उताराकडे बघावं.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये थोडा बर्फ पडून नंतर महिनाभर कोरडी थंडी राहिली, की हा पाया तयार. मग जानेवारीत एखादा जोरदार पश्चिमी झंझावात येतो, दोन दिवसांत मीटरभर बर्फ टाकून जातो, आणि टूरवाले "मस्त स्नोफॉल झाला, या लवकर" असे मेसेज टाकतात. सगळ्या हिमालयात हे सारखं नसतं. पीर पंजालच्या बाजूला, म्हणजे गुलमर्गकडे, बर्फ भरपूर आणि तुलनेने ओलसर पडतो; तिथला धोका जास्त करून वादळाच्या वेळचा आणि लगेच नंतरच्या दिवसांचा. लाहौल-लडाखकडे बर्फ कमी, थंडी कोरडी, त्यामुळे तळातला कच्चा थर आठवडेच्या आठवडे तसाच दबा धरून राहू शकतो. "बर्फ पडून आता चार दिवस झाले, सेट झाला असेल" हे वाक्य एका ठिकाणी बरंचसं खरं असतं आणि दुसऱ्या ठिकाणी साफ खोटं.

कच्च्या थराचा आणखी एक प्रकार दिसायला देखणा असतो. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री बर्फाच्या पृष्ठभागावर दंव गोठून पातळ, पारदर्शक पापुद्रे उभे राहतात, कधी कधी बोटाच्या पेराएवढे. सकाळच्या उन्हात ते चमकतात आणि सगळे फोन बाहेर निघतात. ते उघड्यावर आहेत तोवर निरुपद्रवी असतात. त्यांच्यावर नवा बर्फ अलगद पडला आणि ते न मोडता गाडले गेले, की पत्त्यांच्या घराइतका भरवशाचा थर आत जाऊन बसतो आणि पुन्हा कुणाला दिसत नाही.

कच्चा थर एकटा काही करत नाही. त्याच्यावर भार यावा लागतो, आणि किती भार आला यापेक्षा तो किती घाईने आला हे महत्त्वाचं. बर्फाला भार सोसायची सवय होते, पण वेळ द्यावा लागतो. तीस सेंटीमीटर बर्फ तीन दिवसांत पडला तर एक गोष्ट, एका रात्रीत पडला तर दुसरी. आपल्याकडचे लोक आकाशातून पडणारा बर्फ तेवढा मोजतात, वारा मोजत नाहीत. डोंगरधारेच्या एका बाजूचा बर्फ उचलून पलीकडच्या आडोशाला नेऊन टाकायचं काम वारा करतो, आणि आकाशातून पडणाऱ्या बर्फाच्या दहापट वेगाने तो तिथे थर चढवू शकतो. आभाळ निळंशार आहे, एक कण पडत नाही, आणि धारेवरून पांढरा धूर उडताना दिसतो आहे: त्या वेळी पलीकडच्या उतारावर स्लॅब बांधला जातो आहे. धारेच्या कडेला बर्फाचं छज्जं पुढे आलेलं दिसलं तर ते ज्या बाजूला झुकलंय ती आडोशाची बाजू. त्याच्यावरही उभं राहायचं नसतं आणि त्याच्याखालीही.

पाऊस आणि कडक ऊन हे तिसरं कारण. पाण्याने बंध सुटतात. वसंतात दुपारी दक्षिण आणि पश्चिमेचे उतार ओले होऊन घसरायला लागतात, म्हणून जाणकार पहाटे तीनला निघून अकराच्या आत परत येतात. आपल्या ग्रुपला पहाटे तीनला उठवणं हे स्वतंत्र संकट आहे, ते सोडून देऊ.

मग हे सगळं तपासायचं कसं? इथे येतो तो खड्डा. स्कीइंगच्या व्हिडिओंत तुम्ही पाहिला असेल. फावड्याने छातीएवढा खड्डा खणतात आणि त्याची एक भिंत सरळ, गुळगुळीत तासून घेतात. ब्रश फिरवला की मऊ थर आत जातात, कडक थर बाहेर राहतात, आणि हिवाळ्याचा सगळा इतिहास पट्ट्यापट्ट्यांनी उघडा पडतो. मग प्रत्येक थरात हात खुपसून बघायचं. मूठ जाते का? नाही तर चार बोटं? एक बोट? पेन्सिल? की फक्त सुरीच जाते? मूठ आत जाईल असा थर बोटही न शिरणाऱ्या थराच्या खाली सापडला, तर तिथे खूण करून ठेवायची.

पुढची पायरी ठोक्यांची. तीस बाय तीस सेंटीमीटरचा खांब सुटा करायचा, त्यावर फावड्याचं पातं आडवं ठेवायचं आणि ठोकायचं: दहा वेळा मनगटातून, दहा वेळा कोपरातून, दहा वेळा खांद्यातून. कुठल्या ठोक्याला कुठला थर तुटला ते लिहायचं. अलीकडे लोक जास्त भरवसा ठेवतात तो लांब खांबाच्या चाचणीवर. तिच्यात खांब नव्वद सेंटीमीटर रुंद ठेवून एकाच टोकाला ठोकतात. इथे ठोके किती लागले यापेक्षा तडा कसा गेला ते पाहायचं. ठोकलेल्या टोकाखालचा बर्फ नुसता चेपला, तर ते तेवढं वाईट नाही. एका ठोक्यात तडा या टोकापासून त्या टोकापर्यंत सर्रकन गेला, तर तोच तडा अख्ख्या उतारावरही तसाच धावू शकतो.

खड्डा खणणारा माणूस बघितला की आपल्याला हायसं वाटतं, कारण तो डॉक्टरसारखा तपासतो आहे असं वाटतं. त्यात एक मोठी खोच आहे. तो तपासतो ती उतारावरची एकच जागा. वीस मीटरवर बर्फाखाली खडक असेल, झुडूप असेल, वाऱ्याने थर पातळ केला असेल, तर तिथलं उत्तर वेगळं येईल. आणि स्लॅब बहुधा अशाच पातळ जागी चेतवला जातो, कारण माणसाचं वजन तिथे खोलवर, कच्च्या थरापर्यंत पोचतं. म्हणून चाचणीत बर्फ तुटला तर ती ठाम 'नाही' आहे. तुटला नाही तर ती 'हो' नव्हे. फक्त या जागी तुटला नाही, एवढंच.

जाणत्या लोकांनाही बर्फाच्या आतलं दिसत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशी जिल्ह्यातल्या द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रगत अभ्यासक्रमाचा गट हिमस्खलनात सापडला. २७ मृतदेह मिळाले, दोघे बेपत्ता राहिले. मृतांमध्ये प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या; त्याच वर्षी मे महिन्यात सोळा दिवसांच्या आत एव्हरेस्ट आणि मकालू चढून आलेल्या. त्यांचा अनुभव कमी पडला असं म्हणायची कुणाची छाती होणार नाही.

म्हणून माझं मत असं आहे की हिवाळ्यात चार दिवसांसाठी जाणाऱ्या माणसाने बर्फाचं निदान करायच्या भानगडीत पडूच नये. ते वर्षानुवर्षं एकाच डोंगरावर राहून शिकायचं काम आहे. त्याने उतार मोजावा. बर्फ खोटं बोलतो, कोन बोलत नाही, आणि कोन मोजायला कुठलंही शास्त्र लागत नाही.

तीस अंशांच्या आतल्या उतारावर स्लॅब क्वचितच सुटतो. पंचावन्नच्या पुढे बर्फ साठतच नाही, पडेल तसा ओघळून जातो. बहुसंख्य स्लॅब सुटतात ते तीस ते पंचेचाळीस अंशांत, आणि त्यातही सर्वांत जास्त अडतीसच्या आसपास. आता अडतीस अंश म्हणजे किती, हे बडोद्यासारख्या सपाट गावातल्या माणसाला कसं कळणार? घरचा जिना मोजा. नव्या अपार्टमेंटमध्ये सहा इंच उंच आणि बारा इंच रुंद पायरी असेल तर जिन्याचा उतार येतो सव्वीस-सत्तावीस अंश. सात इंच आणि दहा इंच असेल तर पस्तीस. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात दोर धरून चढायचा जो लाकडी जिना असतो, त्याची पायरी जेवढी उंच तेवढीच रुंद निघते, कधी त्याहून अरुंद. तो पंचेचाळीस किंवा जास्तच. नव्या जिन्यापेक्षा थोडा उभा ते वाड्याचा जिना, एवढ्या टप्प्यात बहुतेक सगळी हिमस्खलनं सुरू होतात. पावागडला जाल तेव्हा वाटेतल्या उघड्या उतारांवर अंदाज बांधून बघा आणि मग मोजा. आपण सगळेच सुरुवातीला फसतो. 

मोजायला फोन पुरतो. ट्रेकिंगची काठी उताराच्या दिशेने बर्फावर आडवी टाका, तिच्यावर फोन कडेवर ठेवा आणि लेव्हलच्या अ‍ॅपमध्ये आकडा वाचा. सरासरी काढू नका, आसपासचा सर्वांत उभा भाग मोजा. हिमालयातल्या थंडीत फोनची बॅटरी झटकन उतरते, तेवढा तो खिशात आतल्या बाजूला ठेवा.

या कोनाला धोक्याच्या पातळीशी जोडायची एक साधी पद्धत स्विस गाइड वेर्नर मुंटर यांनी बसवून दिली. हिमस्खलनाचा धोका पाच पातळ्यांत सांगतात: १ कमी, २ मध्यम, ३ लक्षणीय, ४ जास्त, ५ अति जास्त. पातळी २ असेल तर चाळीस अंशांच्या आत राहा, ३ असेल तर पस्तीसच्या आत, ४ असेल तर तीसच्या आत, ५ असेल तर घरी बसा. बोटांवर मोजण्याइतकं सोपं. यातली ३ ही पातळी नीट समजून घ्या. पाचातली तिसरी म्हटल्यावर आपल्याला वाटतं, काठावर पास. प्रत्यक्षात सर्वांत जास्त माणसं याच पातळीच्या दिवशी मरतात. पातळी चढते तशी ती सारख्या पायऱ्यांनी चढत नाही, प्रत्येक पायरीला धोका कित्येक पटींनी वाढतो. आणि ४-५ ला लोक आपणहून बाहेर पडत नाहीत. ३ ला पडतात, कारण ऊन असतं, नवा बर्फ असतो आणि सुट्ट्या संपत आलेल्या असतात.

आपल्याकडे हे इशारे चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण संशोधन संस्था देते. १९६९ साली मनालीला बर्फ आणि हिमस्खलन अभ्यासासाठी जी 'सासे' सुरू झाली, तिचंच २०२० साली विलीनीकरण होऊन झालेलं हे नवं रूप. हिवाळ्यात तिचे इशारे जिल्हावार येतात, अमुक मीटर उंचीच्या वर अमुक धोका, अशा स्वरूपात. हा जिल्ह्याचा अंदाज असतो, तुमच्या समोरच्या उताराचा नव्हे. तरी तो पाहिल्याशिवाय निघू नये. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी बद्रीनाथच्या पुढे माणा गावाजवळ सीमा सडक संघटनेच्या छावणीवर हिमस्खलन कोसळलं. ५४ कामगार अडकले, ४६ वाचले, आठ गेले. आदल्या संध्याकाळीच चमोलीसह पाच जिल्ह्यांसाठी २४०० मीटरच्या वर इशारा निघालेला होता.

माणाचं उदाहरण आणखी एका कारणासाठी. तुम्ही स्वतः सपाटीवर असलात तरी प्रश्न संपत नाही. तुमच्या वर काय आहे ते बघायला हवं. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नथुलाच्या रस्त्यावर सात पर्यटक गेले. ते गिर्यारोहक नव्हते, गाडीतून उतरून बर्फात खेळायला गेलेली तुमच्याआमच्यासारखी माणसं होती. उभे आहात तिथून वरच्या बर्फाच्या माथ्याकडे फोनची कड रोखा. कोन पंचवीसपेक्षा जास्त आला तर मोठं स्खलन तिथवर पोचू शकतं असं धरून चाला. त्याहून लांब गेलेलीही आहेत. मॅगीची टपरी तिथे आहे म्हणून जागा सुरक्षित, हा हिशोब टपरीवाल्याचाही नसतो.

सह्याद्रीत फिरलेल्यांना एक गोष्ट पटकन कळेल. वाट सोंडेवरून (पुढे आलेल्या धारेवरून) आहे की नाळेतून (दोन उतारांमधल्या घळीतून), हे हिवाळ्यातल्या हिमालयात पहिलं बघायचं. सोंडेवरून बर्फ दोन्हीकडे ओसरतो. नाळेत तो सगळ्या बाजूंनी येऊन साठतो. छोटंसं स्खलनही तिथे माणसाला तीन मीटर खोल गाडतं, तेच उघड्या माळावर कमरेपर्यंत आलं असतं. जंगलातून जाताना झाडांकडेही बघा. भरगच्च जंगलात वरपासून खालपर्यंत मोकळा पट्टा असेल, किंवा झाडांच्या डोंगराकडच्या बाजूच्या फांद्या मोडलेल्या असतील, तर तो हिमस्खलनाचा नेहमीचा रस्ता आहे. उन्हाळ्यात तिथे छान गवत असतं आणि तंबू लावायला जागा उत्तम दिसते.

गेल्या हिवाळ्यात माझा भाचा उत्तराखंडात जाऊन आला. आल्यावर विचारतो, "मामा, चालता चालता पायाखाली एकदम धप्प झालं. अख्खी जमीन खाली बसल्यासारखी वाटली. गाइड हसला, म्हणाला, बर्फ बैठ रहा है."

"कुठे होतात? उतारावर?"

"नाही, बुग्यालावर, म्हणजे वरच्या गवताळ कुरणावर. सपाटच होतं."

गाइड खोटं बोलला नाही, बर्फ बसतच होता. पण जो आवाज झाला तो आतला कच्चा थर कोसळल्याचा. सपाटीवर म्हणून नुसता आवाज झाला. त्याच दिवशी तसाच बर्फ पस्तीस अंशांवर असता तर स्लॅब निघाला असता. हा धप्प आवाज, पायापासून बर्फात धावत जाणारे तडे, आणि आसपासच्या उतारांवर ताजी स्खलनं: या तिन्हींपैकी एकही चिन्ह दिसलं तर खड्डा-बिड्डा काही खणायचा नाही. डोंगराने स्वतःच सांगितलेलं असतं. त्या दिवशी तीस अंशांच्या वर पाऊल टाकायचं नाही, आणि तसल्या उतारांच्या खालून जायचं नाही.

सुटकेबद्दल थोडक्यातच, कारण तिथे सांगण्यासारखं फार थोडं आशादायक आहे. गाडलेल्या माणसाला दहा मिनिटांच्या आत बाहेर काढलं तर दहातले नऊ जगतात. अर्धा तास उलटला की तीनच. थांबलेला बर्फ लगेच इतका घट्ट होतो की बोटही हलवता येत नाही, आणि श्वास स्वतःच्याच सोडलेल्या हवेत कोंडतो. म्हणजे हेलिकॉप्टर, लष्कर, एसडीआरएफ (राज्याचं आपत्ती दल) हे कितीही तत्पर असले तरी वाचवणारे बरोबरचेच असतात. त्यासाठी प्रत्येकाच्या अंगावर बीकन लागतो, जो ४५७ किलोहर्ट्झवर सतत संदेश पाठवतो; शिवाय टोचून बघायला लांब प्रोब आणि धातूचं फावडं. तिन्ही पाहिजेत, आणि वापरायचा सराव पाहिजे. व्यापारी हिवाळी ट्रेकवर हे सामान फारसं दिसत नाही. याचा अर्थ जाऊ नका असा नाही. पण सामान नसेल तर ट्रेकची वाट तीस अंशांच्या आतलीच हवी.

पैसे भरायच्या आधी ऑपरेटरला विचारायचं ते हे: वाटेतला सर्वांत उभा भाग कुठला, त्याच्या वर काय आहे, आणि इशारा ३ किंवा त्याहून वरचा असेल त्या दिवशी तुम्ही नेमकं काय करता? "आमचे गाइड तिथलेच आहेत" हे या प्रश्नाचं उत्तर नाही. "त्या दिवशी बेस कॅम्पलाच थांबतो, शिखर सोडतो, पैसे परत मिळत नाहीत" हे उत्तर आहे, आणि चांगलं उत्तर आहे. त्यासाठी आपल्याकडून एक गोष्ट लागते, ती म्हणजे हाताशी एक मोकळा दिवस. परतीचं तिकीट शिखराच्या दुसऱ्याच दिवशीचं काढलेलं असलं की वीस जणांत एकाचीही "थांबू या" म्हणायची हिंमत होत नाही. पुढच्या ग्रुपची पावलं बर्फात दिसत असली तर मुळीच नाही. पुढचे गेले याचा अर्थ त्यांचं वजन कच्च्या थराच्या नेमक्या जागी पडलं नाही, एवढाच. दहावा किंवा विसावा माणूसही स्लॅब सोडवू शकतो.

आणि एखादा छोटा संशयास्पद पट्टा ओलांडल्याशिवाय गत्यंतरच नसेल, तर रांगेने जायचं नाही. एकेकाने जायचं, सॅकचा कमरेचा पट्टा सोडून, काठ्यांचे दोर मनगटातून काढून. बाकीच्यांनी पट्ट्याच्या अलीकडे, सुरक्षित जागी उभं राहून त्याच्यावरून नजर हलवायची नाही. तो पार पलीकडच्या सोंडेवर पोचून हात दाखवील, मगच दुसऱ्याने निघायचं. पंधरा जणांना याला तासभर लागतो, गाइड कुरकुरतो, कुणाचे तरी पाय गारठतात. तो तास आधीच वेळापत्रकात धरून ठेवा.